ऑपरेशनची तारीख पुढे ढकलणारी ओपीडी : माझा अनुभव

पुण्यातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये माझी गर्भपिशवी काढली, त्याला आता चार महिने होतील. ऑपरेशन चांगलं झालं. सर्जन मॅडमचा हात हलका आहे, टाकेसुद्धा नीट शोधावे लागतात. पण हा अभिप्राय मी त्यांच्या विभागाबद्दल लिहीत नाहीये. त्याच हॉस्पिटलच्या पहिल्या मजल्यावर, रक्त घेतात त्या खिडकीच्या पुढे डाव्या हाताला एक खोली आहे. दारावर ‘शस्त्रक्रियापूर्व तपासणी’ अशी पाटी. आत भूलतज्ज्ञ बसतात आणि पेशंट ऑपरेशनला फिट आहे का ते बघतात. त्या खोलीने माझं ऑपरेशन पाच आठवडे पुढे ढकललं आणि तेवढ्या काळात माझं हिमोग्लोबिन ७.८ वरून ११.४ वर नेलं. रक्ताची एकही पिशवी न चढवता. लिहायचंय ते याबद्दल.

हॉस्पिटलचं नाव देत नाही. खटकलेल्या गोष्टीही लिहिणार आहे. शिवाय मला सांगायचंय ते एका हॉस्पिटलपुरतं नाही. अशी काही सोय असते, आणि ती मागता येते, हेच मला ठाऊक नव्हतं.

मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सहावी ते आठवीला गणित. गेली दोन-अडीच वर्षं पाळीत फार जायचं. सात-सात दिवस, मोठमोठ्या गाठी पडायच्या. त्या आठवड्यात मी फक्त गडद रंगाच्या साड्या नेसायची आणि पिशवीत एक जादा साडी ठेवायची. घरात, शाळेत, सगळ्या बायकांचं एकच म्हणणं, पाळी जायच्या आधी असंच होतं, सोसायचं. मीही सोसलं. मग फळ्यावर लिहिताना हात भरून यायला लागला. स्टँडवरून शाळेपर्यंतचा चढ चढताना दोनदा थांबायला लागायचं. सासूबाई रोज बीट किसून द्यायच्या, हे बाजारातून डाळिंबं आणायचे. आम्ही माळकरी, घरात अंडंसुद्धा येत नाही.

आणखी एक गोष्ट होती, ती मी कुणाला सांगितली नव्हती. मी कच्चे तांदूळ खायची. निवडताना चार दाणे तोंडात टाकायचे, इथून सुरुवात झाली. पुढे पुढे रोज वाटीभर. इंद्रायणीचा डबा उघडला की त्या वासानेच तोंडाला पाणी सुटायचं. घरातले झोपले की मी स्वयंपाकघरात अंधारात उभी राहून खायची. एवढी शिकलेली बाई आणि हे काय, असं वाटून स्वतःचीच लाज वाटायची, पण हात थांबत नव्हता.

जानेवारीत तालुक्याच्या गावी एका नर्सिंग होममध्ये दाखवलं. सोनोग्राफीत आठ सेंटिमीटरची गाठ निघाली, गर्भपिशवी काढायची ठरली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ७.८. तिथे सांगितलं, आदल्या दिवशी भरती व्हा, दोन पिशव्या चढवू, गुरुवारी ऑपरेशन. मी विचारलं, गोळ्या घेऊन वाढवता येणार नाही का? तर म्हणाले, “तुमची रजा मंजूर झालीय ना? मग कशाला थांबायचं?” पुढे बोलणं नाही. रक्त एवढं खाली का गेलं, लोह किती आहे, बाकी काही कमी आहे का, यातलं काहीच कुणी तपासलं नाही. हे पुतण्यांना फोन करायला लागले, रक्तदाते पाहिजेत म्हणून. मला त्या डॉक्टरांच्या हेतूबद्दल शंका नाही. पण ज्या बाईचं दोन वर्षं रक्त जातंय तिला एका रात्रीत भरून टेबलावर घ्यायचं, ही पद्धत मला आजही पटत नाही.

माझी नणंद पुण्यात स्टाफ नर्स आहे. तिला फोनवर आकडा सांगितला तर ती आधी गप्प झाली. मग म्हणाली, “वहिनी, ऑपरेशन काय पळून जात नाही. आधी इकडे या. आधी रक्त, मग ऑपरेशन.” तिच्या एका फोनमुळे आम्ही पुण्याला गेलो.

आता त्या खोलीबद्दल.

त्या दिवशी लिफ्ट बंद होती. चव्वेचाळीस पायऱ्या आहेत, मी मोजल्या, आणि मधल्या चौकात दोनदा बसले. वर गेल्यावर टोकन घेऊन अडीच तास थांबले. आत गेले तेव्हा मला वाटलं होतं, बीपी बघतील, छातीला नळी लावतील आणि सही करतील. भूलतज्ज्ञ मॅडम माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान असतील. त्यांनी आधी माझी खालची पापणी ओढून बघितली. मग दोन्ही हात हातात घेऊन नखं उजेडाकडे धरली. माझी नखं मधोमध बसलेली होती, चमच्यासारखी, त्यात पाण्याचा थेंब राहिला असता. मला वाटायचं, भांडी घासून झाली असतील. मग त्यांनी विचारलं, “ताई, माती, पाटीवरची पेन्सिल, बर्फ, कच्चे तांदूळ, असलं काही खावंसं वाटतं का?”

हे शेजारीच बसले होते. मला एकदम रडू आलं. मी हो म्हणाले. मॅडम अगदी साधेपणाने म्हणाल्या, “लाजू नका. लोह संपलं की असं होतं. किती जणी सांगतात. लोह भरलं की आपोआप सुटेल.” दोन वर्षं मनावर असलेलं ओझं त्या एका वाक्याने उतरलं. या सेवेला मी पैकीच्या पैकी गुण देते त्यातले निम्मे तर या प्रश्नाला आहेत.

मग तपासण्या लिहून दिल्या. फेरिटिन, लोहाचं प्रमाण, बी-१२, फॉलिक ॲसिड, किडनी, थायरॉइड, सूज आहे का बघणारी एक तपासणी, आणि थॅलेसेमिया मायनर, म्हणजे रक्ताचा एक आनुवंशिक दोष, नाही ना हे बघायला एक वेगळी. ही शेवटची कशाला, हेही समजावून सांगितलं. थॅलेसेमिया मायनरमध्येही लाल पेशी अशाच लहान दिसतात, आणि तिथे मूळ बिघाड लोहाचा नसतो, त्यामुळे नुसत्या पेशी लहान आहेत म्हणून लोह देत सुटणं बरोबर नाही. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आले. फेरिटिन ५. मॅडम म्हणाल्या, हिमोग्लोबिन म्हणजे रोजच्या डब्यातलं पीठ आणि फेरिटिन म्हणजे कणगीतलं धान्य. तीसच्या खाली गेलं की कणगी रिकामी समजायची. तुमच्या कणगीच्या तळाला झाडून काढलंय. बी-१२ सुद्धा कमी निघालं. आमच्यासारख्या दूध-ताकावर भागवणाऱ्या घरांत हे पुष्कळदा निघतं म्हणे, त्याचीही इंजेक्शनं सुरू केली.

आणि माझ्यासमोरच त्यांनी सर्जन मॅडमना फोन लावला. “तारीख पुढे घेऊया. हिला मला चार-पाच आठवडे द्या.”

मला राग आला. रजा मंजूर करून घ्यायला मी केंद्रप्रमुखांपासून सगळ्यांच्या मागे लागले होते, बदली शिक्षक मिळाला होता, सासूबाईंना जाऊबाईंकडे पाठवलं होतं. मी म्हणाले, मॅडम, रक्त चढवून टाका ना, सगळीकडे तसंच करतात. त्यांनी केसपेपर उलटा केला आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागल्या. मी गणिताची बाई आहे हे त्यांना कळलं होतं बहुतेक.

रक्ताच्या एका पिशवीने हिमोग्लोबिन साधारण एक ग्रॅमने वाढतं. दोन पिशव्या म्हणजे ७.८ चं फार तर ९.८. एका पिशवीत लोह असतं दोनशे ते अडीचशे मिलिग्रॅम. तुम्हाला लागतं किती? त्यासाठी एक सूत्र आहे : वजन गुणिले हवं असलेलं आणि असलेलं हिमोग्लोबिन यातला फरक गुणिले २.४, त्यात साठ्यासाठी ५०० मिळवायचे. त्यांनी पेन माझ्या हातात दिलं. माझं वजन ५८. हिशोबाला १५ धरायचे, म्हणजे फरक ७.२. अठ्ठावन्न गुणिले ७.२ म्हणजे ४१७.६. गुणिले २.४ म्हणजे १००२. अधिक ५००. पंधराशे मिलिग्रॅम. दोन पिशव्यांनी जेमतेम पाचशे मिळणार, म्हणजे ऑपरेशन झाल्यावरही मी रिकाम्या कणगीनेच घरी जाणार.

तो कागद मी जपून ठेवलाय.

मग त्यांनी बाकीचं सांगितलं. बायकांना १२ च्या खाली आणि पुरुषांना १३ च्या खाली हिमोग्लोबिन असलं तर पंडुरोग, ही जागतिक आरोग्य संघटनेची नेहमीची रेघ. पण मोठ्या ऑपरेशनच्या बाबतीत बरेच तज्ज्ञ आता बाई असो की पुरुष, १३ च धरा म्हणतात. कारण बाईच्या अंगात मुळात रक्त कमी असतं आणि ऑपरेशनमध्ये जाणारं रक्त काही बाई म्हणून कमी जात नाही. ऑपरेशनच्या आधी ज्यांचं रक्त कमी असतं त्यांना नंतरचा त्रास, जंतुसंसर्ग, जास्त दिवस भरती राहणं, हे सगळं जास्त दिसतं. आणि चढवलेलं रक्त जीव वाचवतं हे खरंच, अपघातात, बाळंतपणात दुसरा इलाजच नसतो. पण तेही दुसऱ्याच्या शरीरातलं. ॲलर्जी येऊ शकते, फुप्फुसावर, हृदयावर भार येऊ शकतो. टाळता येत असेल तर टाळायचं. शिवाय कॉलेजांना सुट्ट्या लागल्या की रक्तदान शिबिरं कमी होतात आणि रक्तपेढ्यांत टंचाई होते, तेव्हा ती पिशवी ज्याला थांबायला वेळच नाही त्याच्यासाठी राहू द्यावी. रुग्णाचं स्वतःचं रक्त आधी सुधारा, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१० च्या ठरावातच म्हटलंय, असं त्यांच्याकडून कळलं.

मी विचारलं, हे केल्यावर रक्त लागणारच नाही, अशी खात्री देता का? त्यांनी दिली नाही. म्हणाल्या, ब्रिटनमध्ये २०२० साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पोटाच्या मोठ्या ऑपरेशनआधी शिरेतून लोह दिलं, तरी रक्त चढवावं लागलेल्यांचं प्रमाण काही कमी झालं नाही. पण तिथे बऱ्याच जणांचा पंडुरोग सौम्य होता. तुमचं ७.८ आहे, कारण सरळ लोहाचं आहे आणि आपल्या हातात वेळ आहे, म्हणून तुम्हाला फायदा होईल असं मला वाटतं. शंभर टक्के होईल असं म्हणणाऱ्या डॉक्टरांपेक्षा मला हे उत्तर जास्त भरवशाचं वाटलं.

गोळ्यांचं काय, हेही विचारलंच. मी पूर्वी लोहाच्या गोळ्या दोनदा सुरू करून सोडल्या होत्या. पोट कडक व्हायचं, तोंडाला लोखंडासारखी चव यायची. तेव्हा सकाळ-संध्याकाळ घ्यायची. आता कळलं की एक गोळी घेतली की यकृत एक संप्रेरक सोडतं आणि आतड्याचं दार जवळजवळ दिवसभर अर्धवट मिटतं. दुसरी गोळी बरीचशी वाया जाते आणि पोट मात्र बिघडवते. म्हणून आता एक दिवसाआड एक गोळी देतात. चहा-कॉफीपासून लांब, लिंबू-आवळ्याबरोबर. ज्यांचा पंडुरोग हलका आहे आणि ऑपरेशनला दोन-तीन महिने आहेत, त्यांना ही खोली गोळ्यांवरच ठेवते. माझ्याकडे तेवढा वेळ नव्हता.

आणि आधी गळती बंद केली. पाळी थांबवायच्या गोळ्या दिल्या. पाच आठवडे मला पाळी आली नाही. हे केलं नसतं तर वरून ओतलेलं सगळं खालून गेलं असतं.

लोहाचं सलाईन देतात ती जागा त्याच मजल्यावर, डे केअरमध्ये. भरती व्हावं लागत नाही. चार खुर्च्या, प्रत्येकीला हात ठेवायला रुंद दांडी, समोर घड्याळ. पहिल्या दिवशी हजार मिलिग्रॅम. औषध दिसतं अगदी काळसर तपकिरी, गूळ घालून उकळलेल्या कोऱ्या चहासारखं. सिस्टरने सुई घातल्यावर आधी नुसतं साधं सलाईन सोडून बघितलं, शीर नीट धरली आहे ना. मला म्हणाली, “काकू, सुईजवळ जरा जरी चुरचुरलं तरी लगेच सांगा. सिस्टर बोलण्यात आहे, कसं सांगू, असं करू नका. हे औषध शिरेबाहेर गेलं तर कातडीवर तपकिरी डाग पडतो आणि तो जाता जात नाही.” मग ते तपकिरी पाणी नळीतून हळूहळू खाली सरकत माझ्या हाताशी आलं. मी घड्याळ बघत होते. पंधरा-सोळा मिनिटांत संपलं. त्यानंतर अर्धा तास तिथेच बसवलं, दोनदा बीपी घेतलं. छातीत दाटल्यासारखं, अंगावर गांधी आल्यासारखं होतंय का, हे तीनदा विचारलं. शेजारच्या ट्रेमध्ये रिॲक्शनची औषधं काढून तयार ठेवलेली दिसत होती. मी घाबरले नाही, उलट बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सांधे ठणकले, डोकं जड होतं. हे होईल असं आधीच सांगितलं होतं. एक गोळी घेऊन उतरलं. आठवड्याने उरलेले पाचशे दिले.

पहिल्या सलाईननंतर पाचव्या-सहाव्या दिवशी मी तांदळाचा डबा उघडला, भातासाठी. तांदूळ धुतले, कुकर लावला, आणि नंतर माझ्या लक्षात आलं की मी एकही दाणा तोंडात टाकलेला नाही. वासच काही विशेष वाटला नाही. तांदळासारखा तांदूळ. हिमोग्लोबिन तेव्हा फारसं वाढलेलंही नसणार, पण ती ओढ गेली होती. मी ओट्याला टेकून तशीच उभी राहिले बराच वेळ.

दोन आठवड्यांनी ९.३. महिन्याने ११.४. मॅडमना १२ हवे होते. पण पाळी थांबवायच्या गोळ्या अजून किती लांबवायच्या, असा विचार करून सर्जन मॅडम आणि त्यांनी मिळून ठरवलं की एवढं पुरे. मलाही ते दोघींचं आपसातलं बोलणं ऐकायला मिळालं, कुणी बाहेर बसा म्हणालं नाही.

थांबण्याच्या त्या दिवसांत ओळखीचे झालेले एक आजोबा होते, फलटणकडचे, गुडघा बदलायला आलेले. त्यांचं हिमोग्लोबिन १०.८. मला वाटलं, माझ्या मानाने बरंच की. पण त्यांना मॅडमनी जास्त खोदून विचारलं. बाईचं लोह कमी असलं तर पाळी हे उघड कारण असतं. म्हाताऱ्या पुरुषाचं लोह का कमी होईल? कुठून तरी जातंय. आजोबा गुडघ्यासाठी चार वर्षं दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून खात होते. दुर्बिणीने तपासलं तर पोटात जखम निघाली, तिथून थेंबथेंब रक्त जात होतं. आधी त्यावर औषध, मग लोह, मग गुडघा. नुसत्या दोन पिशव्या चढवून गुडघा बदलला असता तर पोट तसंच राहिलं असतं. ही खोली रक्त नुसतं वाढवत नाही, ते कुठे जातंय हेही शोधते, म्हणून मला तिचं मोल जास्त वाटतं. आणखी एक ताई होत्या, आतड्याच्या कॅन्सरच्या. त्यांना थांबवलं नाही. ठरलेल्या तारखेच्या आत बसेल तेवढं लोह दिलं आणि ऑपरेशन वेळेवर केलं. म्हणजे सगळ्यांना एकच माप लावत नाहीत.

आता खटकलेलं.

लिफ्ट. ज्या खोलीत दम लागणारेच पेशंट येतात ती पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट माझ्या पाच खेपांपैकी दोनदा बंद. खाली एक व्हीलचेअर आणि मामा ठेवायला काय हरकत आहे? मी तक्रारवहीत लिहून आले.

टोकन देतात पण वेळ देत नाहीत. सकाळी नऊला बोलावतात, नंबर साडेअकराला. साताऱ्याहून पहाटेच्या एसटीने येणाऱ्या माणसाला हे जड जातं. औषध हॉस्पिटलच्याच मेडिकलमधून घ्या असा आग्रह होता. बाहेरून आणलं तर खराब निघाल्यास जबाबदारी कुणाची, हे त्यांचं म्हणणं मला थोडं पटलं, पण किमतीचा पर्याय पेशंटला सांगायला हवा. सूचनांचा कागद सगळा इंग्रजीत. नणंदेने मला मराठीत लिहून दिला म्हणून बरं. माझ्या पुढच्या बाईंना पाळीच्या गोळ्या कधी बंद करायच्या तेच कळलं नव्हतं.

खर्च सांगते. तपासण्यांना साधारण साडेचार हजार गेले. दोन्ही सलाईन, औषध आणि डे केअर धरून दहा हजारांच्या आत-बाहेर. हे स्वस्त नाही. त्यात वैद्यकीय प्रतिपूर्तीच्या फाइलला ऑपरेशनची बिलं लागली, ही मात्र परत आली, कारण भरती न होता घेतलेला उपचार. हेच मी आदल्या दिवशी भरती होऊन रक्त चढवून घेतलं असतं तर बिल मंजूर झालं असतं. हा नियम बदलायला हवा असं मला फार वाटतं. पेशंटने भरती न होता बरं व्हावं याची त्याला शिक्षा कशाला? मी पुन्हा अर्ज केलाय, भूलतज्ज्ञ मॅडमनी पत्रही दिलंय.

ऑपरेशनच्या दिवसाबद्दल थोडक्यात. रक्तगट जुळवून ठेवला होता, लागलंच तर पिशवी मिळेल अशी तयारी होती. कापायच्या आधी रक्तस्राव कमी करणारं इंजेक्शन दिलं. नंतर तपासणीसाठी रक्त घ्यायचे तेही लहान मुलांच्या छोट्या ट्यूबमध्ये. सिस्टर म्हणाली, एवढ्या कष्टाने वाढवलेलं रक्त आम्हीच कशाला काढून नेऊ? दुसऱ्या दिवशी हिमोग्लोबिन १०.२. राखून ठेवलेली पिशवी रक्तपेढीला परत गेली, दुसऱ्या कुणाला लागली असेल. चौथ्या दिवशी मी घरी. शेजारच्या बेडवरच्या बाई उठून बसल्या की चक्कर यायची, मी तिसऱ्या दिवशी पॅसेजच्या टोकापर्यंत चालून आले.

शाळेबद्दल लिहिल्याशिवाय हे पुरं होणार नाही. आमच्याकडे दर सोमवारी मुलींना लोहाची निळी गोळी देतात. रजिस्टर माझ्याकडे असतं. कितीतरी वर्षं मी मुलींना जेवणानंतर रांगेत उभं करून, समोर गिळायला लावून, सही केलीय. आणि माझंच फेरिटिन ५. मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, यात तुमचा दोष नाही, २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना पंडुरोग निघाला होता. वर्गातल्या बाकांवर दोघी-दोघी बसतात तसं धरलं तर प्रत्येक बाकावर एक. मला त्या दिवसापासून माझा वर्ग तसाच दिसतो. पूर्वी कुणी गोळी नको म्हणालं तर मी रागवायची. आता विचारते, पोट दुखतं का, जेवली होतीस का, पाळीत फार जातं का. पेन्सिल खातेस का, हेही विचारते, एकटीला बाजूला घेऊन. सातवीतली एक हो म्हणाली. तिच्या आईला घेऊन ग्रामीण रुग्णालयात गेले, तिचं ८.४ निघालं. तिचे उपचार सुरू आहेत.

कुणाला जायचं असेल किंवा आपल्या गावात अशी सोय शोधायची असेल तर एवढंच सांगते. ऑपरेशन ठरलं की त्याच दिवशी हिमोग्लोबिनचा आकडा विचारा आणि कागदावर लिहून घ्या. आदल्या दिवशी कळून उपयोग नाही, चार-सहा आठवडे आधी कळायला हवं. कमी असेल तर फेरिटिन केलंय का विचारा. भूलतज्ज्ञांना आधी भेटता येईल का विचारा, बहुतेक मोठ्या हॉस्पिटलांत त्यांची ओपीडी असते, फक्त पेशंटला कुणी सांगत नाही. जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं, दुखण्याच्या गोळ्यासुद्धा, सगळं पिशवीत घालून न्या. डबा न्या, कॅन्टीन लांब आहे. खायच्या-प्यायच्या वेड्या सवयी असतील तर विचारायची वाट न बघता सांगा.

मी सध्या एक दिवसाआड गोळी घेते, रात्री, लिंबूपाण्याबरोबर. गेल्या महिन्यात हिमोग्लोबिन १२.६ आणि फेरिटिन ४१ आलं. मॅडमनी अजून दोन महिने गोळी चालू ठेवायला सांगितलीय. पुढची तपासणी दिवाळीच्या सुट्टीत आहे.